वाळवंटातली शर्यत: प्रश्न गाड्यांचा की वाटांचा?

माती कशी दबते याचा अभ्यास करतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "यात संशोधन करण्यासारखं काय आहे?" आज त्याचं उत्तर एका मोटरसायकल शर्यतीतून देतो.

कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९६७ पासून बार्स्टो ते लास व्हेगस अशी शर्यत व्हायची. ती भरवायची 'अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन'ची डिस्ट्रिक्ट ३७ ही शाखा. १९७४ साली सुमारे ३,००० स्वार उतरले होते. या प्रकारात सगळे एका आडव्या ओळीत, शेजारी शेजारी उभे राहतात आणि इशारा झाला की एकदम सुटतात. दृश्य जबरदस्त! पण मातीच्या दृष्टीने सगळ्यात महागात पडणारा क्षण हाच.

का, ते बघू. रॉबर्ट वेब या संशोधकाने मोहावीतच एकेका पट्ट्यावरून मोटरसायकल १, १०, १०० आणि २०० वेळा नेऊन माती किती दबते ते मोजलं. हा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की माती सर्वाधिक दबते ती सुरुवातीच्या फेऱ्यांत. पुढच्या प्रत्येक फेरीची भर कमी कमी होत जाते. म्हणजे शंभर गाड्या एकाच वाटेने गेल्या तर एक पट्टा वाया जातो. त्याच शंभर गाड्या शंभर वाटांनी गेल्या, तर नुकसान शंभरपट नसलं तरी कितीतरी जास्त.

दबलेल्या मातीत पोकळी कमी होते. पाणी मुरत नाही, मुळं खोल जात नाहीत. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, जणू स्वतःच स्वतःला नांगरते. मोहावीच्या रेताड मातीत चिकणमाती कमी, आणि पाऊसही बहुतेक ठिकाणी वर्षाला २०० मिमीच्या आतच. त्यामुळे ती पुन्हा सैल व्हायला साधारण शंभर वर्षं लागतात. दुसऱ्या महायुद्धात १९४२-४४ मध्ये तिथे रणगाड्यांचा सराव झाला. त्याच्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही दिसत होत्या.

याची झळ बसते ती वाळवंटी कासवाला. ते मातीत बीळ करून राहतं आणि पावसानंतर उगवणाऱ्या हंगामी रोपांवर जगतं. म्हणजे घर आणि अन्न, दोन्ही मातीवर अवलंबून.

१९७४ च्या शर्यतीनंतर, तिचे परिणाम तपासून, सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याने पुढची काही वर्षं परवानगी नाकारली. १९८३ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली, १९८९ ची शेवटची ठरली. १९९० मध्ये कासवाला कायद्याचं संरक्षण मिळालं. अर्थात कासवं घटण्यामागे रस्ते, रोगराई आणि पिल्लं खाणारे डोमकावळेही आहेत. सगळा दोष स्वारांच्या माथी मारणं बरोबर नाही.

गंमत म्हणजे बार्स्टोमार्गे लास व्हेगसला जायची परंपरा आजही चालू आहे. डिस्ट्रिक्ट ३७च ती चालवते, पण शर्यत म्हणून नव्हे, तर आधीपासून असलेल्या रस्त्यांवरून आणि कच्च्या वाटांवरून करायची सफर म्हणून. वाळवंट तेच, मोटरसायकलीही आहेत. नवी वाट मात्र पडत नाही. मार्ग कुठून आखायचा हा संघटनेच्या नियमपुस्तकातला रुक्ष वाटणारा मुद्दा, पण मातीची पुढची शंभर वर्षं त्यावर ठरतात.