शिध्यापासून बांधीपर्यंत

2020 सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला महापूर आठवा. भंडारा शहरात आणि काठच्या गावांत घराघरांत पाणी शिरले. बायाबापडे लेकरे कडेवर घेऊन उंचावर गेले. पाणी ओसरले तशी मंडळी गाळ उपसायला आपापल्या घरी परतली. घर खचले असेल, पण जागा आपली होती.

आता समजा, पाणी ओसरलेच नाही तर? आपला देशच संकटात सापडला आणि परमुलखात जावे लागले तर? अशा कुटुंबाला मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे? प्रश्न दूरचा वाटतो खरा, पण त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे.

नवेगाव बांधाचा तलाव तुम्हांला ठाऊक आहे. त्याच अर्जुनी मोरगावच्या भागात, प्रतापगडाजवळ गोठणगावाशी, 1972 साली तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता; 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

1959 साली तिबेटातून दलाई लामा आणि त्यांच्यामागून हजारो माणसे भारतात आली. शिधा मिळाला, निवारा मिळाला. पण नुसत्या शिध्यावर संसार किती दिवस चालणार? म्हणून पुष्कळांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर लावले. नवराबायको दोघेही दगड फोडीत, आणि मुले तिथेच रस्त्याच्या कडेला. मुले आजारी पडू लागली, दगावू लागली. पोटाला काम मिळाले होते, पण आईच्या माघारी मूल कोण सांभाळणार, याचा विचार राहून गेला होता.

तो विचार एका बाईने केला. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी धरमशाला येथे 17 मे 1960 रोजी रस्त्याच्या छावणीतून आलेल्या 51 मुलांचे संगोपनगृह सुरू केले. 1964 साली त्या वारल्या. पुढे त्यांच्या धाकट्या बहीण जेत्सुन पेमा यांनी ते काम वाढविले.

यातून मदतीची पहिली खूण कळते : मदत माणसे मोजून नव्हे, घर पाहून द्यावी. छावणीत माणशी रोज निदान 15 लिटर पाणी हवे, असा मदतकार्यातला दंडक आहे. पण हातपंप लांब असला तर ते पाणी आणते कोण? बाईच. संडास अंधारात आणि बिनकडीचा असला तर रात्री घाबरते कोण? तीच. बाळंतपण तर छावणीसाठी थांबत नाही. म्हणून दिवा, कडी आणि सुईण यांनाही मदतच म्हणायचे.

दुसरी खूण शिध्याची. कार्ड नुसते पुरुषाच्या नावे असले आणि तो हरवला, मेला किंवा दूर गेला, तर चूल विझते. म्हणून आज जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्था शिधा शक्यतो बाईच्या हाती देतात. आपल्याकडेही 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातील वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख ठरते. आपले कार्ड एकदा काढून पाहा बरे!

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. घेणारा हात कधीतरी मिळवता झाला पाहिजे. थंड पठारावरची, जवाचे पीठ खाणारी ही माणसे आपल्या उन्हात आली आणि धानाच्या मुलखात शेती करू लागली. हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाया तुम्ही पाहिल्या असतील. त्या स्वेटरांवर कितीतरी घरे चालतात.

तुम्ही म्हणाल, हे सरकारचे काम. आपल्याकडून काय होणार? 1971 साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. तेव्हा 15 नोव्हेंबरपासून टपालावर 5 पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. खेड्यातून लेकीला धाडलेल्या पत्रानेही तो भार उचलला.

गुरुजी, वर्गात निर्वासितांचा धडा निघाला, तर मुलांना आधी त्या पुराची गोष्ट विचारा. मग विचारा, "पाणी ओसरले नसते तर आईने सोबत काय घेतले असते?" उत्तरे फळ्यावर लिहा. मदतीच्या पेटीत काय काय हवे, त्याची यादी आपोआप तयार होईल.