पवनचक्कीपासून गच्चीपर्यंत

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, सरकार किती देते? गेल्या तीस वर्षांचा हिशेब मांडला तर हा प्रश्न दुय्यम ठरतो. पैसे कशाच्या मोबदल्यात मिळतात आणि ते हातात पडेपर्यंत कोणाकोणाचे उंबरे झिजवावे लागतात, यावरच योजना चालली की बारगळली हे ठरत आले आहे. नव्वदच्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळे, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा होई. पुढे हे प्रमाण 80 टक्के झाले. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या या सवलतीच्या काळात. वीजधंद्याशी काडीचा संबंध नसलेल्या कंपन्याही मालक झाल्या. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्राला निम्माच घसारा, असा आयकराचा नियम. म्हणून सगळी घाई सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर. घाटमाथ्यावरचा वारा खरा जोर धरतो पावसाळ्यात, पण त्याची सोय पाहायला सनदी लेखापाल थोडाच बसला होता!

सवलत उभारणीला होती, विजेला नव्हती. चूक उमगल्यावर केंद्राने डिसेंबर 2009 मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमागे 50 पैसे देण्याची योजना आणली. मात्र 2012 मध्ये वाढीव घसारा आणि ही योजना दोन्ही थांबल्या आणि देशातली नवी पवनऊर्जा 2011-12 मधल्या सुमारे 3,200 मेगावॉटवरून पुढच्या वर्षी 1,700 मेगावॉटवर घसरली. मग रक्कमच महत्त्वाची ठरली ना, असे कोणी म्हणेल. यातून दिसते ते एवढेच की करवर्षाच्या आधारावर वाढलेला धंदा आधार निघताच बसतो. पुढे दोन्ही सवलती परत आल्या. 2017 मध्ये घसारा 40 टक्क्यांवर आला आणि युनिटमागचे पैसे बंद झाले.

छतावरच्या सौरऊर्जेत हेच अधिक ठळकपणे दिसते. 2015 मध्ये 2022 पर्यंत 40,000 मेगावॉटचे उद्दिष्ट ठरले. आधी 30 टक्के, मग 2019 पासून घरगुती ग्राहकाला 3 किलोवॉटपर्यंत 40 टक्के अनुदान जाहीर झाले. तरी मुदत संपली तेव्हा उद्दिष्टाचा पाव हिस्साही गाठलेला नव्हता. जे उभे राहिले त्यातही मोठा वाटा कारखाने आणि व्यापारी इमारतींचा, ज्यांना हे अनुदान नव्हतेच. त्यांचा वीजदर इतका चढा की पॅनेल आपसूक परवडत. घरगुती छतांत मात्र गुजरात इतर राज्यांच्या कितीतरी पुढे गेला. 2019 पासून केंद्राच्या अनुदानाची टक्केवारी सगळ्यांना सारखीच होती. फरक पडला तो वीज कंपन्यांच्या कामात. तिकडे भराभर ठेकेदार नेमले गेले, अनेक राज्यांत निविदाच रखडल्या. आणि वीज कंपनीने घाई तरी का करावी? जास्त युनिट जाळणारा, चढ्या दराने बिल भरणारा ग्राहक गच्चीवर वीज पिकवू लागला की तिचे उत्पन्न घटते. त्याच ग्राहकाच्या नेट मीटरचा, म्हणजे गच्चीवरची जादा वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरचा, अर्ज तिच्याच टेबलावर! भरीस भर म्हणून डिसेंबर 2020 च्या केंद्रीय नियमांत नेट मीटरिंग 10 किलोवॉटपुरतेच राहिले आणि ओरड झाल्यावर जून 2021 मध्ये ती मर्यादा 500 किलोवॉट झाली. सहा महिन्यांत नियम असा फिरला तर कोणता छोटा उद्योजक कर्ज काढेल?

2022 च्या राष्ट्रीय पोर्टलने ग्राहकाला ठेकेदार निवडू दिला आणि अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये 75,021 कोटी रुपयांची ‘पीएम सूर्य घर’ योजना आली. मार्च 2025 पर्यंत तिने 10 लाख घरांचा टप्पा ओलांडला. इथे रक्कमही वाढली, हे मान्यच केले पाहिजे: पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, एकूण 78,000. पण टक्केवारीऐवजी ठरीव आकडा पोर्टलसोबतच आला होता, हेही तितकेच मोलाचे. ग्राहकाला आपला खर्च आधीच कळतो आणि ठेकेदाराला किंमत फुगवून अनुदान वाढवता येत नाही.

हा पैसा स्वतःचे छत असलेल्यांच्याच घरी जातो, हा आक्षेप मात्र नुसत्या सुटसुटीत अर्जाने मिटत नाही. महाराष्ट्राने 2025 मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिना 100 युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी वेगळी योजना आणली, ती योग्यच. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटधारकाचे काय? गृहनिर्माण संस्थेला सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात. त्यातून लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतील. घरातल्या बिलाचा दिलासा सभासदाला हवा असेल, तर सामाईक गच्चीवरचे युनिट प्रत्येकाच्या मीटरवर वाटून जमा व्हायला हवेत. ते काम पुन्हा वीज कंपनीच्याच टेबलावर येते.