कर्कपेशीतील विषाणूच्या जनुकांचा शोध

कर्करोगाच्या पेशीत विषाणूचे जनुक आढळले, एवढ्यावरून तो विषाणू रोगाचे कारण ठरत नाही. ते जनुक तेथे कार्यरत आहे, हेही सिद्ध व्हावे लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत हा प्रश्न जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडविला. १९८३ व १९८४ साली त्यांनी या रोगाच्या गाठींत मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ व १८ हे प्रकार शोधून काढले.

डीएनएचे दोन धागे परस्परपूरक असतात. विषाणूच्या डीएनएचा खूण केलेला तुकडा पेशीतील डीएनएत सोडला, की तो आपल्या जोडीच्या भागालाच चिकटतो. या पद्धतीने विषाणूचे जनुक मानवी गुणसूत्रात मिसळल्याचे दिसून आले. कार्यरत जनुक आपली आरएनए-प्रत तयार करते. ई-६ व ई-७ या जनुकांच्या अशा प्रती कर्कपेशींत आढळल्या. त्यांपासून बनणारी प्रथिने पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात. या संशोधनाबद्दल त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

या ज्ञानाचा ग्रामीण स्त्रीला उपयोग काय? त्याचे उत्तर मराठवाड्यातच मिळाले. शहागडवरून जाणारा धुळे–सोलापूर महामार्ग पुढे धाराशिव जिल्ह्यातून जातो. तेव्हाच्या या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्याने ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूच्या डीएनएची एकदाच तपासणी योजलेल्या गटात या रोगाने ३४, तर नेहमीच्याच आरोग्यसेवेवर असलेल्या गटात ६४ मृत्यू झाले. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे होते.

विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे मात्र नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप नाहीसे होतात; जो टिकून राहतो, त्यावर लक्ष ठेवावे लागते. हा संसर्ग अत्यंत सामान्य आहे व तो वर्षानुवर्षे सुप्तही राहू शकतो. म्हणून त्यावरून कोणत्याही स्त्रीच्या चारित्र्याविषयी शंका घेणे सर्वस्वी अन्यायाचे होय. प्रतिबंधक लस उपलब्ध असली, तरी तपासणीची आवश्यकता संपत नाही. लज्जा व भीती यांपायी स्त्रिया तपासणीस येत नाहीत. ही अडचण प्रयोगशाळा दूर करू शकत नाही. ते कार्य गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनाच करावे लागेल.