डिचोलीच्या गुंफा आणि भिक्षूंचा पावसाळा

डिचोली शहरालगतच्या लामगावात जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. आत आज शिवलिंग असले, तरी त्यांचा मूळ संबंध बौद्ध भिक्षूंशी जोडला जातो. साखळीजवळच्या हरवळ्याविषयी मात्र एकमत नाही. तेथील गुंफा काही अभ्यासक मूळच्या बौद्ध मानतात, तर काही आरंभापासूनच शैव. लोकांच्या तोंडी त्या पांडवांच्या! उत्तर गोव्यात बौद्ध धर्म नांदत होता, याविषयी मात्र शंका नको. १९३० साली फादर हेरास यांना कोलवाळच्या मुशीर भागात बुद्धमूर्ती सापडली होती.

घरदार सोडून हिंडणाऱ्या भिक्षूला गुंफा कशाला हवी, याचे उत्तर पावसात आहे. भर पावसात भिक्षू कोवळी तृणे आणि बारीक जीव तुडवीत फिरतात, अशी लोकांची तक्रार विनयपिटकात नोंदलेली आहे. त्यावरून आषाढापासून तीन महिने एकाच ठिकाणी राहण्याचा नियम झाला. हाच वर्षावास. कोकणातला आषाढ ठाऊक असलेल्याला या नियमाचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. भिक्षेसाठी रोज गावात जावे लागे आणि जेवण मध्यान्हापूर्वी उरकावे लागे. त्यामुळे विहार गावाच्या कोलाहलापासून दूर, पण चालत जाता येईल इतका जवळ असावा लागे.

तिथे ध्यान होई, तसे शिक्षणही होई. दहा शील घेऊन श्रामणेर व्हायचे, वीस वर्षे पूर्ण झाल्यावर उपसंपदा घ्यायची आणि त्यानंतरही किमान पाच वर्षे आचार्यांच्या आश्रयाने राहायचे. शिष्याने गुरूचे भिक्षापात्र धुवावे, पाणी ठेवावे. शिष्य आजारी पडला तर गुरूने त्याची शुश्रूषा करावी. कर्तव्ये दोन्ही बाजूंची होती. दर पंधरवड्याला प्रातिमोक्षाचे पठण होई. पाली परंपरेत त्याचे २२७ नियम आहेत.

वर्षावासाच्या अखेरीस प्रवारणा असे. माझ्या वागण्यात जे खटकले, मग ते पाहिलेले असो, ऐकलेले असो वा नुसता संशय असो, ते मला सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू संघाला करी. आरंभ सर्वांत ज्येष्ठाने करायचा. अधिकाराच्या जागी असलेल्यांवर असे बंधन घालणाऱ्या संस्था आजही विरळाच.

ही शिस्त पुस्तकातून नव्हे, तर प्रत्यक्ष आचरून मराठीत आणणारा माणूस गोव्याचाच होता. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेत श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली. काही वर्षांनी त्यांनी चीवर उतरवले, पण जे शिकले ते ‘बौद्ध संघाचा परिचय’ आणि ‘समाधिमार्ग’ या पुस्तकांतून मराठी वाचकांच्या हाती दिले. लामगावच्या रिकाम्या दालनांत उभे राहून, तिथे दिवस कसा जात असेल असा प्रश्न ज्याला पडेल, त्याने ही दोन पुस्तके आधी वाचावीत.