लकव्यानंतरचे चार उपचार

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. या आजाराला पक्षाघात आणि बोलीत लकवा म्हणतात. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर नियंत्रण ठेवते. त्यामुळे डावीकडे इजा झाली तर उजवा हात-पाय लुळा पडतो. बहुतेकांची भाषेची केंद्रेही डावीकडे असल्याने अनेकदा बोलणेही अडते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यानंतरच्या औषधांचे मुख्य काम दुसरा झटका टाळण्याचे असते. गेलेली हालचाल, वाचा आणि उमेद परत मिळवायची तर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचोपचार आणि मानसोपचार या चारांचा आधार घ्यावा लागतो.

चारही उपचारांमागचे तत्त्व एकच आहे. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत, पण मेंदूचे शाबूत भाग नव्या जोडण्या तयार करून हरवलेले काम काही प्रमाणात शिकून घेतात. या जोडण्या सरावानेच पक्क्या होतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, मात्र त्यानंतरही ती थांबत नाही.

फिजिओथेरपी, म्हणजे भौतिकोपचार, प्रकृती स्थिर होताच रुग्णालयातच सुरू होते. कुशीवर वळणे, आधाराविना बसणे, उभे राहणे, तोल सांभाळणे आणि चालणे अशा क्रमाने ती पुढे सरकते. लुळ्या पडलेल्या अवयवाचे सांधे रोज हलवले नाहीत तर स्नायू ताठरतात आणि सांधे आखडतात. दुबळा खांदा सहज निखळू शकतो, म्हणून रुग्णाला उठवताना तो हात धरून कधीही ओढू नये. तेलाच्या मालिशीने बरे वाटते, पण नुसत्या मालिशीने हालचाल परत येत नाही. त्यासाठी रुग्णाने स्वतः प्रयत्न करणे गरजेचे असते.

ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे व्यवसायोपचाराचा, संबंध रोजच्या कामांशी असतो. जेवण, आंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक आणि लिहिणे पुन्हा जमावे, हे तिचे उद्दिष्ट. सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा आणि काढताना आधी सशक्त हात बाहेर काढावा. ताटली सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके ठेवावे. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा बसवावा आणि उकिडवे बसता येत नसेल तर कमोड वापरावा. अशा लहान बदलांमुळे परावलंबन कमी होते. काही रुग्णांना चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताकडूनच कामे करून घेतली जातात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचा लाभ हातात थोडी हालचाल शिल्लक असलेल्यांना होतो. व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले प्रशिक्षण केंद्र १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले.

वाचोपचारात बोलण्याइतकेच महत्त्व गिळण्याला असते. लकव्यानंतर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. त्यामुळे गिळण्याची तपासणी झाल्यावरच तोंडाने अन्न सुरू करावे, रुग्णाला ताठ बसवावे आणि घास लहान ठेवावा. वाचाघात झालेल्या माणसाची बुद्धी शाबूत असू शकते, केवळ शब्द सापडत नाहीत. त्याच्याशी लहान मुलासारखे किंवा मोठ्या आवाजात बोलू नये. छोटी वाक्ये वापरावी, हो-नाही असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावे आणि उत्तराला पुरेसा वेळ द्यावा. बोलता न येणारे काही रुग्ण ओळखीचे गाणे मात्र शब्दांसह म्हणू शकतात. चाल आणि ताल यांच्या मदतीने वाक्ये शिकवण्याची पद्धत यावरूनच १९७० च्या दशकात पुढे आली.

चौथ्या उपचाराकडे, म्हणजे मानसोपचाराकडे, घरोघरी दुर्लक्ष होते. लकवा झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना नैराश्य येते. ‘आता माझा काही उपयोग नाही’ हा विचार पक्का झाला की व्यायाम सुटतो आणि शरीराची सुधारणाही अडते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत असे विचार पुराव्यावर तपासायला आणि दिवसात छोटी, जमणारी कामे आखायला शिकवतात. गरजेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांनाही समुपदेशनाची गरज भासते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

चारही उपचार एकमेकांवर अवलंबून आहेत. बसता आल्याशिवाय सुरक्षित गिळता येत नाही, आणि मन उभारी धरत नाही तोवर हाताचा सराव होत नाही. म्हणून रुग्णालयातून घरी जाताना कुटुंबाने डॉक्टरांना चारही उपचारांविषयी विचारावे, प्रशिक्षित थेरपिस्टकडूनच व्यायाम शिकून घ्यावेत आणि सुधारणा मंदावली तरी ते सोडू नयेत.