सुप्याचा माळ आणि कायद्याची रेघ

दौंड तालुक्यातल्या चौफुल्यावरून मोरगावच्या रस्त्याला लागलं की हळूहळू ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. पुढे बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ याच माळाचा एक तुकडा १९९७ मध्ये मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य झाला. नाव मोरगावच्या गणपतीचं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. राखायचा तो चिंकारा.

इथं घनदाट झाडी शोधू नये. कुसळी, पवन्यासारखी गवतं आणि मधूनच बोर, बाभूळ, हिवर. अशा रानाला सरकारी कागद वर्षानुवर्षं पडीक म्हणत आले आणि हिरवाईच्या हौसेनं त्यावर झाडं लावली गेली. चिंकाऱ्याला मात्र लांबवर नजर पोचेल असं मोकळं रान लागतं. लांडगा दिसताच पळत सुटणं, एवढाच त्याचा बचाव. इथं गवत राखलं तरच चिंकारा राहील.

ही राखण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं होते. अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, आग लावणं गुन्हा आहे आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय हद्द बदलता येत नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदीच असते. अभयारण्यात मात्र वन्यजीवांचं हित पाहून चराईवर नियंत्रण ठेवायचं, असं कलम ३३ सांगतं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या मुलखात हा फरक फार मोलाचा आहे. त्याला जोडूनच कलम ३३ अ येतं: अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या परिघातल्या जनावरांचं लसीकरण. गोठ्यातला रोग रानात जातो, हे कायद्यानं ओळखलं आहे.

पण ही सगळी राखण हद्दीपुरतीच, आणि हद्द लहान. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्यात राखीव निर्जन रानासाठी साधारण पाच हजार एकरांची अपेक्षा धरली आहे. आपलं मयूरेश्वर जेमतेम १,२७० एकर. चिंकारा रोजच ही हद्द ओलांडून शेतात, पडाला, गायरानात जातो. तिथंही त्याची शिकार हा गुन्हाच, कारण तो पहिल्या अनुसूचीत आहे. पण पायाखालच्या जमिनीला ते कवच नाही. उद्या तिथं कुंपण पडलं, नांगर फिरला, तर अभयारण्याचा कायदा काही करू शकत नाही.

त्यावरची वाट कायद्यातच आहे. २००२ च्या दुरुस्तीनं ‘समुदाय राखीव’ ही तरतूद आली. गावानं किंवा जमीनमालकानं स्वखुशीनं रान राखायचं ठरवलं, तर सरकार ते तसं जाहीर करू शकतं. मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते. सुप्याभोवतीच्या गावांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि वन विभागानं त्यांच्याकडे आपणहून जावं.