डोंगरावरची सायकल आणि घरची तयारी

आज प्रौढ असलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी सायकल शिकली ती तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलीवर, दांडीखालून पाय घालून. गुडघे फुटले आणि सायकल आली. त्यामुळे मुलाला तोल सांभाळता आला की त्याचे शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो. सपाट रस्त्यापुरते ते ठीक आहे. परंतु मुलेमुली डोंगरवाटांवर सायकल चालविणाऱ्या क्लबात जाऊ म्हणतात, तेव्हा ही समजूत अपुरी पडते. तेथे सायकल चालविता येण्याइतकेच ती थांबविता येणे महत्त्वाचे असते.

या खेळाचा जन्मच ते सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरउतारावरून सोडीत. १९७६ साली त्यांनी तेथे शर्यत लावली. पायडल उलटे दाबले की लागणारा मागच्या चाकातील ब्रेक उतरताना इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई व पुन्हा भरावे लागे. त्या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पुढे डोंगरासाठी निराळ्या सायकली झाल्या आणि १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब प्रसिद्धच आहे. चढणाऱ्याचे कौतुक होते ते योग्यच. परंतु वेगाचा धोका उतारावर असतो.

वाशीम जिल्हा घाटावरचा. अकोल्याहून येताना पातूरचा घाट चढावा लागतो. आपल्या माळांवर मुरूम आणि सखल भागात काळी माती. सुट्या मुरमावर वळताना चाक घसरते. ओली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बसली की चाक फिरेनासे होते. म्हणून पावसानंतर वाट वाळू द्यावी, आणि उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे.

आता तयारी. सायकल मुलाच्या मापाची हवी. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठी घेऊ नये. सीटच्या पुढे दांडीवर उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हेल्मेट कपाळावर, भुवईच्या दोन बोटे वर बसावे व पट्टा घट्ट असावा. मग मैदानावर खडूची रेघ ओढून नेमके तेथे थांबण्याचा सराव द्यावा. दोन्ही ब्रेक एकदम न आवळता हळूहळू दाबावेत. पुढचा ब्रेक एकटाच जोराने दाबला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. उतारावर पायडले समपातळीत, अंग किंचित मागे आणि नजर चाकाखाली नव्हे, तर पुढच्या वाटेवर असावी. हे अंगवळणी पडले की लहानशी टेकडी.

निघण्यापूर्वी हवा, ब्रेक आणि चेन मुलानेच तपासावी. पंक्चर काढणेही त्याने शिकावे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणे दहा वर्षांच्या मुलाला सहज जमते.

मुलींविषयी थोडे निराळे सांगितले पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर खेड्यांतील कितीतरी मुली रोज शाळेला जातात. त्यांच्या पायांत दम आहे. परंतु क्लबात नाव घालायची वेळ आली की घरात विचार होतो तो मुलाचा. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने याच खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले, हे अशा घरांनी ध्यानात घ्यावे. शाळेची साधी सायकल मात्र डोंगरावर नेऊ नये. मैदानावरील सरावाला ती पुरेशी आहे.

क्लबालाही पालकांनी प्रश्न विचारावेत. सर्वांच्या मागे एक जाणता मोठा माणूस असतो काय? वाट फुटते तेथे मागच्यांसाठी थांबून मोजदाद होते काय? औषधांची पेटी बरोबर असते काय? उतरून चालणाऱ्या मुलाची थट्टा होत असेल, तर तो क्लब आपल्या मुलासाठी नाही.

कारण शेवटची तयारी मनाची आहे. आपण मुलांना ‘घाबरू नकोस’ एवढेच शिकवितो. ज्या दिवशी मूल सोबत्यांदेखत, न लाजता म्हणेल, “हा उतार मला झेपणार नाही, मी उतरून चालतो,” त्या दिवशी त्याचे नाव क्लबात खुशाल घालावे.